बाबांची पद्मिनी चालू करू, की नवी गाडी घेऊ?

प्रश्न : काका, नमस्कार. मी खानापूरला राहतो, बेळगावला उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये नोकरीला आहे. वय ३६. रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात, आजवर मोटारसायकलवर निभावलं. यंदापासून मुलगी बेळगावच्या शाळेत जाणार, तिला सकाळी बरोबर न्यायचं आहे. आपल्याकडच्या पावसात मोटारसायकल जमणार नाही. घरी बाबांची १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, कोल्हापूर पासिंगची. चार वर्षं शेडमध्ये उभी आहे. बाबा म्हणतात, "हीच चालू कर. नव्या गाड्या म्हंजे पत्र्याचे डबे, बोटानं दाबलं तर पोचा पडतोय." बायको म्हणते, त्या गाडीत मी पोरीला बसवणार नाही. आमचा मेस्त्री म्हणतो, मारुतीचं इंजिन बसवू, पुढं डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, दोन-अडीच लाखांत नवी करून देतो. कोल्हापूरचा एक एजंट दीड लाखाला मागतोय. त्याचं म्हणणं, पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरकार भंगारात काढणार आहे, आत्ताच विकून मोकळे व्हा. जुनी आणि नवी यांची नीट तुलना करून सांगा. नाव छापू नका, बाबा हे सदर वाचतात.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : काका म्हणालास म्हणून तू म्हणतो. बाबा सदर वाचतात हे बरंच झालं, निम्मं उत्तर त्यांच्यासाठीच आहे.

आधी मेस्त्रीचा बेत निकालात काढू, कारण चौघांच्या सल्ल्यांत तो सगळ्यात वाईट. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद साधारण चाळीस हॉर्सपॉवर. तिची गिअरपेटी, मागचं डिफरन्शिअल, पाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग), चारही चाकांचे ड्रम ब्रेक, सगळं त्या चाळीस हॉर्सपॉवरच्या हिशेबानं बनवलेलं. त्यावर दुप्पट ताकदीचं इंजिन टाकलं की गाडी पळेल झकास, थांबणार कशी ते मेस्त्री सांगत नाही. डिस्क बसवतो म्हणतो, पण कुठल्या गाडीची, कुठल्या हबवर, मास्टर सिलिंडर कोणता, हे विचारून बघ आणि त्याचा चेहरा बघ. शिवाय आरसी बुकात इंजिन नंबर असतो. आरटीओच्या परवानगीशिवाय असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाही, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. अडीच लाख घालून तुझ्या दारात जी उभी राहील ती धड फियाट नाही, धड मारुती नाही. आणि ती कुणी विकतही घेणार नाही.

एजंटचं भंगाराचं भय खोटं आहे. पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांनी रस्ता बंद, हा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्याचा. कर्नाटकात काय, महाराष्ट्रात काय, खाजगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांनी संपतं, मग गाडी दाखवून, फी आणि ग्रीन टॅक्स भरून ते पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळतं. जुन्या गाड्यांची फी अलीकडं चांगलीच वाढवली आहे, तेवढं धरून चाल. एजंटला दुसरी एक गोष्ट माहीत आहे आणि ती तो तुला सांगत नाही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी संपली. तेव्हापासून धड अवस्थेतल्या खाजगी पद्मिनीकडं लोकांची नजर वळली आहे. तो भंगार म्हणून दीड लाख देत नाही रे. भंगाराला कोण दीड लाख देतं?

आता बाबांकडं येतो.

बाबा, पत्रा जाड आहे हे शंभर टक्के खरं. बॉनेटवर थाप मारली की आवाजच सांगतो. पण जाड पत्रा म्हणजे आतला माणूस सुरक्षित, हे गणित चुकीचं आहे, आणि ते चुकीचं आहे हे लोखंड आपटून सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेनं २००९ साली दोन गाड्या समोरासमोर धडकवल्या. एक १९५९ची शेवरोले बेल एअर, जाडजूड, क्रोमनं मढवलेली. दुसरी २००९ची शेवरोले मालिबू. वेग ताशी ६४ किलोमीटर. दोन्हीत चालकाच्या जागी बाहुला. जुन्या गाडीतला बाहुला खरा माणूस असता तर जागीच गेला असता; डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग त्याच्या अंगावर आले, दार उघडलं. नव्या गाडीतल्या माणसाला पायाला मार लागला असता, एवढंच. त्याचा व्हिडिओ नेटवर आहे, पोरानं मोबाइलवर लावून द्यावा आणि बाबांनी एकदा शांतपणे बघावा. मी बोलण्यापेक्षा ते बरं.

असं का होतं? नव्या गाडीचं पुढचं तोंड चुरगळावं म्हणूनच चुरगळतं. धडकेचा जोर त्या चुरगळण्यात खर्ची पडतो आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. जुन्या गाडीचं तोंड पटकन दबत नाही, म्हणून धक्का सरळ आत येतो, आणि आत जो भाग कमी ताकदीचा असेल तो मोडतो. स्टिअरिंगचा लोखंडी दांडा सरळ चालकाच्या छातीवर रोखलेला. १९७५च्या पद्मिनीला सीटबेल्ट नाहीत, डोक्यामागं आधार नाही, एअरबॅगचा तर प्रश्नच नाही. मागं बसलेली पोर ब्रेक दाबल्यावर कुठं जाईल? पुढच्या सीटच्या पाठीवर. सूनबाई बरोबर आहे, बाबा. बोटानं पोचा पडतो तो बाहेरच्या कातडीला, आतला सांगाडा वेगळा असतो.

आणि रस्ता पण बघा की. तुम्ही ही गाडी कोल्हापूरहून निपाणी, संकेश्वर करत चालवली तेव्हा समोरून येणारा ट्रकही चाळीसनंच येत होता. आता खानापूर-बेळगाव चौपदरी झालाय. गणेबैलच्या टोलनाक्यापुढं कुणी ऐंशीच्या खाली येत नाही. ताशी ऐंशी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पुढच्यानं एबीएसवर (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) कचकन ब्रेक मारला, तर मागच्या पद्मिनीला ड्रम ब्रेकवर तेवढ्यात थांबता येणार नाही. त्यातून आपल्याकडचा जून-जुलै. पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पहिले एक-दोन ब्रेक नुसतेच दाबले जातात. जुन्या चालकाला हे अंगवळणी असतं, तो पाण्यातून बाहेर आल्यावर पायानं हलका ब्रेक धरून ड्रम वाळवतो. तुझ्या पायाला ती सवय नाही, आणि शाळेची वेळ गाठताना ती लागणारही नाही. चोर्ला घाट किंवा तवंदी उतरताना हेच ड्रम तापून सैल पडतात, म्हणून जुने लोक दुसऱ्या गिअरात उतरायचे. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं, हे बाबांच्या पिढीला शिकवावं लागत नव्हतं.

बाबांचं दुसरं म्हणणं तू पत्रात लिहिलं नाहीस, पण त्यांच्या पोटात ते असणार: नवी गाडी बंद पडली तर कोण बघणार? इथं ते बरोबर आहेत, आणि नव्याच्या कौतुकात हे कुणी सांगत नाही. पद्मिनी बंद पडली तर कारणं मोजकीच. पेट्रोल येत नाही किंवा ठिणगी पडत नाही. प्लग काढून बॉडीला टेकवला, सेल्फ मारला, ठिणगी दिसली की विषय पेट्रोलचा. नाही दिसली तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, पॉइंट पॉलिश पेपरनं घासा, फट बघा. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन तापून पंपातलं पेट्रोल वाफ व्हायचं आणि गाडी आचके देत थांबायची; तेव्हा डिकीतलं फडकं ओलं करून पंपावर टाकायचं, घोटभर चहा होईस्तोवर थांबायचं, गाडी परत चालू. जांबोटीत काय, कणकुंबीत काय, कुठंही. हे ज्याला येतं त्याला मेस्त्री लागत नाही. नव्या गाडीचा एखादा सेन्सर गेला की डॅशवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो, आणि तो काय म्हणतो ते कळायला स्कॅनर लावावा लागतो. रात्री रामनगरच्या पुढं असं झालं तर टोइंगवाल्याचा नंबर शोधत बसायचं. हेडलाइटची काच फुटली तर अख्खी असेंब्ली बदलावी लागते, आणि तिचं बिल वाचून माणूस खाली बसतो.

फक्त हेही लक्षात घे, की नवी गाडी बंदच मुळात क्वचित पडते. पद्मिनी कुठंही दुरुस्त होते, पण तिला दर महिन्याला काहीतरी लागतं. ज्याला रविवारी सकाळी हात काळे करायला आवडतं त्याला ती परवडते. तुला आवडतं का? पत्रात तू मेस्त्रीचं म्हणणं लिहिलंस, एजंटचं लिहिलंस, बाबांचं, बायकोचं लिहिलंस. तुझं स्वतःचं एक वाक्य नाही त्यात. चार वर्षांत शेडचं दार उघडून बॉनेट वर केलंस का, तेही नाही. हा टोमणा नाही, पण उत्तर त्यावर ठरणार आहे.

पेट्रोलचं एक सांगायलाच हवं, कारण जुनी आणि नवी यांतला खरा फरक तिथं उघडा पडतो. आता पंपावर जे मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. कार्बोरेटरचा जेट म्हणजे पितळेतलं एक बारीक भोक. ते निव्वळ पेट्रोलच्या मापानं पाडलेलं. इथेनॉल आलं की मिश्रण पातळ पडतं, इंजिन जास्त तापतं, ओढत नाही. नव्या गाडीत सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. तो धुरात किती ऑक्सिजन उरला ते सतत मोजतो, कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. चालकाला पत्ताही लागत नाही. पद्मिनीत हे काम मेस्त्रीच्या कानानं आणि स्क्रूड्रायव्हरनं व्हायचं. वर इथेनॉल जुन्या रबराला खातं. पेट्रोलचे पाइप, पंपाचा डायफ्रॅम, गॅसकेट, सगळं फुगतं नाहीतर चिरतं. आणि ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणजे खानापूरसारख्या ओल्या हवेत उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी आणि मग गंज. चार वर्षांपूर्वीचं पेट्रोल टाकीत असेल तर सेल्फ मारू नकोस. आधी काढून टाक.

खर्चाचं थोडक्यात. पद्मिनी दहा-बारा, फार तर चौदाचा अ‍ॅव्हरेज देणार. छोटी नवी पेट्रोल गाडी या रस्त्यावर अठरा-वीस देते. महिन्याला तुझे बाराशे-साडेबाराशे किलोमीटर होतात, म्हणजे नुसत्या पेट्रोलमध्येच पस्तीसेक लिटरचा फरक. एवढ्यात हप्त्याचा काही भाग निघतो. पण खरं सांगायचं तर फरक उलटा असता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण शाळकरी पोर रोज हायवेवरून जाणार आहे.

तर माझं मत. रोजच्यासाठी नवी घे, किंवा नवी परवडत नसेल तर वापरलेली. कोरी करकरीतच हवी असा हट्ट नको. वापरलेली घेतलीस तर २०२२ किंवा त्यानंतर बनलेली बघ. एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे आणि २०२२पासून पुढच्या दोन्ही सीटला एअरबॅग, त्यामुळं त्या सालानंतरच्या सगळ्यात साध्या मॉडेललाही ते असतं. टचस्क्रीन, सनरूफ याला भुलू नकोस. मागच्या सीटला तीन टोकांचा बेल्ट आहे का, मुलीसाठी बूस्टर सीट नीट बसते का, ते शोरूममध्ये मुलीलाच बसवून बघ. पट्टा गळ्यावर येत असेल तर बूस्टर हवीच.

आणि पद्मिनी विकू नकोस. निदान या वर्षी तरी नको. दीड लाख आज मिळतात तसे पुढच्या वर्षीही मिळतील. मेस्त्रीला द्यायचे अडीच लाख वाचलेच आहेत, त्यातले थोडे हिच्यावर घाल, पण आहे तशी ठेवण्यासाठी. पहिल्यांदा पायपोस उचल आणि स्क्रूड्रायव्हरनं तळाचा पत्रा टोचून बघ. दारांखालची पट्टी, मागचे पाटे जिथं बॉडीला अडकतात ती जागा, डिकीचा कोपरा. स्क्रूड्रायव्हर आत गेला तर आधी डेंटिंगवाला, मग बाकीचं. गाडीचा जीव तिथं असतो. इंजिन काय, कधीही उघडता येतं.

पत्रा ठीक असेल तर चारही प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोड आणि रात्रभर राहू दे. सकाळी प्लग न लावता हँडलनं हळूहळू फिरव. बाबांना बोलव, हँडल त्यांना धरता येतं, तुला अंगठा कुठं ठेवायचा ते माहीत नसेल. (अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हँडल उलटं फिरलं तर मनगट जातं.) मोकळं फिरलं की मग टाकी साफ, इथेनॉल चालणारे नवे पाइप, पंपाचं किट, कार्बोरेटरचं किट. ब्रेकचे रबर वॉशर चारही चाकांचे बदल, मास्टर सिलिंडरचेही. चार वर्षं उभ्या राहिलेल्या रबरावर विश्वास ठेवू नये. त्या काळच्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाची एकच लाइन असते, कुठंही गळलं की पायाखालचं सगळं पेडल खाली. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. दहा वर्षांवरचा टायर कितीही नवा दिसला तरी काढ.

सुट्या भागांची पंचाईत होईल. टॅक्सी गेल्या, तसे पद्मिनीचे भाग ठेवणारे दुकानदारही कमी होत जाणार. पण तू उद्यमबागेत कामाला आहेस! ज्या गावात पंप आणि मोटारींचे भाग रोज ओतले आणि कातले जातात, तिथं ड्रम घासून घ्यायला, बुश बनवायला, पिन टर्न करायला अडचण ती काय? लेथवरच्या पोराला नमुना दाखवला की संध्याकाळी वस्तू हातात.

कागदाचं मात्र आळस न करता कर. कोल्हापूरचं पासिंग आहे आणि गाडी कितीतरी वर्षं खानापुरात आहे. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर ठेवली की तिथं नोंद करावी लागते, हे आपण सीमेवरचे लोक सोयीस्कर विसरतो. कोल्हापूर आरटीओची एनओसी लागेल. इतकी जुनी नोंद बहुतेक कागदी रजिस्टरात असेल, तेव्हा ती आधी ऑनलाइन चढवून घ्यावी लागेल. त्यासाठी बाबांनाच घेऊन जा, आरसी त्यांच्या नावावर आहे. मग बेळगावचा केए-२२ नंबर. इथं एमिशन, विमा, फिटनेस.

कुणीतरी तुला सांगेल, पन्नास वर्षं झाली, आता व्हिंटेजमध्ये नोंदव. तशी सोय आहे. २०२१च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, चॅसी, बॉडी, इंजिन मूळचं असलेली खाजगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी असेल तर फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. ऐकायला छान. पण मग ती गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीलाच रस्त्यावर काढता येते. रोजच्या वापराला नाही. कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार निघते, वर्षभर लोक त्या दिवसाची वाट बघतात. मेबॅकला ते शोभतं. तुमच्या पद्मिनीनं रविवारी बाबांना घेऊन हब्बनहट्टीला जाऊन यावं असं मला वाटतं, म्हणून सध्या साधं पाच वर्षांचं नूतनीकरणच कर. व्हिंटेजचं नंतर बघता येईल. गाडी मूळची ठेवलीस तर तो दरवाजा उघडाच आहे.

बाबांना एक विनंती. नवी गाडी दारात आल्यावर पहिल्या दिवशी बोटानं दाबून बघू नका.

आणि तुला एक काम, बाकी सगळ्याच्या आधीचं. बॉनेट उघड, इंजिनावर ठोकलेला नंबर खडूनं घासून वाच आणि आरसी बुकातल्या नंबराशी ताडून बघ. त्या काळी इंजिनं अदलाबदल व्हायची, कधी मालकाला न सांगताही. जुळला तर वर लिहिलंय तसं कर. नाही जुळला तर मला परत लिही, कोल्हापूरला जाण्याआधी.